स्वालबार्डची निसर्गसहल: महिना ठरवण्यापासून परतीच्या विमानापर्यंत

लाँगइयरब्येन गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला एक पाटी लागते. लाल कडेचा त्रिकोण, आत काळ्यावर पांढरं अस्वल, आणि खाली नॉर्वेजियनमध्ये ओळ: ‘संपूर्ण स्वालबार्डला लागू’. पाटीच्या अलीकडे तुम्ही एकटे हिंडा, फोटो काढा, दुकानात जा. पलीकडे बंदूक बाळगणाऱ्या गाईडशिवाय पाऊल टाकायचं नाही. वस्तीबाहेर अस्वलाला पळवून लावण्याचं साधन जवळ असणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि बंदुकीचा परवाना पर्यटकाला सहज मिळत नाही. म्हणजे इथली जवळजवळ प्रत्येक सहल गाईडबरोबर, आधी जागा राखून आणि ठरलेल्या वेळेलाच होते. सह्याद्रीत शुक्रवारी रात्री ठरवून शनिवारी पहाटे निघतो, तसं इथे चालत नाही.

नकाशा डोक्यात बसवून घ्या. नॉर्वेच्या उत्तर टोकापासूनही बराच वर, ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांमध्ये पसरलेला हा द्वीपसमूह. क्षेत्रफळ सुमारे ६१,००० चौरस किमी, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढं. त्यातला ६० टक्के भाग हिमनद्यांखाली आणि साधारण ६५ टक्के संरक्षित. मुख्य गाव लाँगइयरब्येन ७८ अंशांवर, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. गावात आणि भोवती मिळून रस्ते चाळीस-पन्नास किमी. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाणारा रस्ताच नाही. उन्हाळ्यात बोट आणि हिवाळ्यात स्नोमोबाईल (बर्फावर धावणारी मोटरगाडी), एवढीच वाहनं. झाड एकही नाही. ध्रुवीय विलो आहे, पण तो बोटभर उंचीचा, जमिनीला चिकटून वाढणारा.

अस्वलाचा हिशेब आधी मांडा

स्वालबार्ड म्हटलं की पांढरं अस्वल डोळ्यांसमोर येतं आणि बहुतेक जण त्याच्यासाठीच पैसे साठवतात. पण १ जानेवारी २०२५ पासून नियम कडक झाले आहेत. १ मार्च ते ३० जून या काळात अस्वलापासून किमान ५०० मीटर आणि उरलेल्या वर्षात किमान ३०० मीटर अंतर ठेवावं लागतं. बोटीलाही हे लागू आहे. त्याहून जवळ अस्वल दिसलं तर शांतपणे मागे सरायचं.

हे अंतर कॅमेऱ्यात कसं दिसतं ते बघा. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ४०० मिमीची लेन्स लावली तर ३०० मीटरवर चौकटीत सुमारे २७ मीटर रुंदीचा देखावा मावतो. अडीच मीटर लांबीचं अस्वल त्यात दहाव्या-अकराव्या हिश्श्याएवढं दिसेल. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत हे साधारण साडेपाचशे पिक्सेल झाले: मोबाईलवर पाहायला ठीक, भिंतीवर लावायला नाही. ५०० मीटरवर ते आणखी लहान होतं. मोठ्या लेन्सवर लाखभर रुपये घालण्याआधी १०×४२ ची चांगली दुर्बीण घ्या. ३०० मीटरवरचं अस्वल तिच्यातून ३० मीटरवर असल्यासारखं दिसतं, तेही हलतं-डुलतं. कुटुंबात एकच दुर्बीण नेऊ नका, माणशी एक हवी. अस्वल दिसतं ती दोन-तीन मिनिटं, आणि ‘मला बघू दे’ करण्यात तेवढ्यात ते बर्फाच्या उंचवट्याआड जातं.

शिवाय उन्हाळ्यात अस्वलं समुद्री बर्फाच्या कडेने उत्तर-पूर्वेला सरकतात. लाँगइयरब्येनहून दिवसभराच्या बोटीने गेलात तर अस्वल दिसेलच असं धरून चालू नका. ज्याला अस्वल आणि फक्त अस्वल हवं आहे, त्याने आठ-दहा दिवसांच्या जहाजाचंच बघावं. बाकीच्यांनी सहल आखावी ती पक्ष्यांनी गजबजलेले कडे, वॉलरस (लांब सुळ्यांचा, सीलच्या जातकुळीतला सागरी प्राणी), हिमनद्या आणि प्रकाश यांसाठी. त्या बाबतीत ही भूमी सहसा निराश करत नाही.

महिना

सगळ्यात आधी महिना ठरवायचा. विमानाचं स्वस्त तिकीट दिसलं म्हणून तारीख पक्की करणं ही इथली सर्वांत महाग चूक. दोन महिन्यांच्या अंतराने हा प्रदेश अक्षरशः वेगळा असतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत ध्रुवीय रात्र. दुपारी बारालाही काळोख. उत्तरप्रकाशाच्या (रात्रीच्या आकाशात लहरणारा ऑरोरा) ओढीने लोक या काळात येतात, पण एक गोष्ट ध्यानात घ्या: उत्तरप्रकाशाचा पट्टा रात्रीच्या वेळी लाँगइयरब्येनच्या बऱ्याच दक्षिणेला, उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहराच्या आसपास असतो. फक्त उत्तरप्रकाश हवा असेल तर ट्रॉम्सोत चार रात्री काढा, पैसे वाचतील. स्वालबार्डचं वैशिष्ट्य म्हणजे या काळात भर दुपारीही उत्तरप्रकाश दिसू शकतो.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात उजेड परततो. डोंगरांमुळे गावात प्रत्यक्ष ऊन पडायला ८ मार्च उजाडतो, आणि गाव तो दिवस आठवडाभर साजरा करतं. मार्च ते एप्रिलअखेर स्नोमोबाईलचा हंगाम. थंडी उणे १० ते उणे २०, कधी त्याहून खाली, पण हवा कोरडी आणि आकाश बऱ्याचदा स्वच्छ. एप्रिलच्या विसाव्या तारखेच्या सुमारास सूर्य मावळायचा थांबतो.

मे महिन्याच्या उत्तरार्धात बर्फ वितळू लागतो तेव्हा दऱ्यांमध्ये गुडघाभर ओला चिखल-बर्फ साचतो. स्नोमोबाईल बंद झालेली, बोटींच्या फेऱ्या नुकत्याच सुरू होणाऱ्या, पायी चालणं त्रासाचं. पक्षीनिरीक्षकांसाठी मात्र मेअखेर ते जूनचा मध्य हा उत्तम काळ आहे. गावाभोवतीच्या उतारांवर छोट्या ऑक पक्ष्यांचे थवे घिरट्या घालतात, आणि गावालगतच्या अ‍ॅडव्हेंटडालेन दरीतल्या तळ्यांवर राजस आयडर बदकं दिसण्याची शक्यता सर्वाधिक असते. फक्त आतल्या फ्योर्डमध्ये (डोंगरांमध्ये शिरलेली समुद्राची खोल, अरुंद खाडी) गोठलेला बर्फ टिकून असेल तर बोट तिथे जात नाही. तो बर्फ फोडायला आता बंदी आहे.

जुलै म्हणजे फुलं आणि पिल्लं. ध्रुवीय खसखस, पांढरी ड्रायस, कापूसगवत. कड्यांवरची गिलेमॉट पक्ष्यांची पिल्लं तीन आठवड्यांची झाली की उडता येत नसतानाही थेट समुद्राकडे झेप घेतात. बाप खाली पाण्यात वाट पाहत असतो आणि जे पिल्लू किनाऱ्यावर आपटतं त्याची वाट आर्क्टिक कोल्हा पाहत असतो. हे नाट्य जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला चालतं. हिन्लोपेन सामुद्रधुनीतला अल्केफ्येलेट हा कडा यासाठी प्रसिद्ध. तिथे सुमारे साठ हजार जोड्या वीण घालतात. मात्र तिथे जहाजानेच पोहोचता येतं.

ऑगस्टमध्ये समुद्री बर्फ बराच मागे हटलेला असतो, त्यामुळे संपूर्ण द्वीपसमूहाला वळसा घालणाऱ्या जहाजांना जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टअखेरपर्यंतच खरी संधी. पण ऑगस्टच्या मध्यात कडे रिकामे होतात. ‘जास्तीत जास्त फिरू’ म्हणून ऑगस्टअखेर गाठणाऱ्यांना पक्ष्यांऐवजी नुसती विष्ठेने पांढरी झालेली दगडी भिंत दिसते. सप्टेंबरमध्ये जमीन तांबूस होते, रेनडिअर गुबगुबीत झालेले असतात आणि महिन्याच्या मध्यानंतर पुन्हा रात्र पडू लागते.

पहिल्यांदा जाणाऱ्याला सल्ला विचाराल तर दोनच: जुलैचा पहिला पंधरवडा किंवा एप्रिलचा पहिला पंधरवडा. पुढचा तपशील बहुतांशी जुलैच्या अंगाने दिला आहे, कारण मुलं आणि आईवडील बरोबर असतील तर तोच सोसवतो.

जहाज की गावात मुक्काम

जहाजाची सहल लाखांत जाते: आठ-दहा दिवसांचे माणशी पाच-सहा हजार युरो ही सुरुवात समजा. त्यात जेवण, मुक्काम, रबरी बोटीतून किनाऱ्यावर उतरणं आणि गाईड येतात. जहाज निवडताना खोलीचे फोटो शेवटी बघा; आधी प्रवासीसंख्या विचारा. २०२५ पासून संरक्षित भागात २०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला मज्जाव आहे आणि तिथे उतरता येतं ते ठरवून दिलेल्या ४३ ठिकाणीच. एका वेळी किनाऱ्यावर शंभरच माणसं उतरवण्याची इथल्या मोहीम-जहाजांची पद्धत आहे. दीडशे-दोनशेच्या जहाजावर म्हणून आळीपाळी होते आणि निम्मा वेळ डेकवर जातो. शंभराच्या आतलं जहाज घ्या. बारा-वीस जणांच्या शिडाच्या बोटीही असतात. त्या निसर्गाला सर्वांत जवळच्या, पण पोट गाडीतही ढवळत असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

जहाजाचा जाहिरातीतला मार्ग म्हणजे नुसती इच्छांची यादी आहे. बर्फ, वारा, धुकं बघून कप्तान रोज तो बदलतो. ‘८० अंश पार करणार का?’ यापेक्षा ‘धुकं असेल तेव्हा काय करता?’ हा प्रश्न विचारा. कंपनी किती जाणती आहे ते उत्तरातून कळतं.

गावात मुक्काम करून दिवसाच्या सहली केल्या तर खर्च बराच आटोक्यात राहतो आणि हवामान बिघडलं तर दिवसांची अदलाबदल करता येते. सामाईक न्हाणीघराच्या अतिथिगृहात दोघांची खोली साधारण दीड-दोन हजार क्रोनर (नॉर्वेचं चलन), दिवसभराची बोट दोन ते अडीच हजार, गाईडबरोबरची पायपीट हजाराच्या आसपास. एक क्रोन म्हणजे आठ-नऊ रुपये. मुंबईहून मुंबईपर्यंत, दोन दिवस ओस्लो आणि सहा दिवस स्वालबार्ड धरून माणशी तीन ते साडेतीन लाख हा प्रामाणिक अंदाज. ‘दीड लाखात स्वालबार्ड’ असं कुणी सांगत असेल तर त्यात बोट धरली आहे का ते विचारा.

व्हिसा: दोनदा प्रवेशाचा

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांचं घोडं पेंड खातं ते इथे. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे तिथे जायला व्हिसाची अट नाही, हे अगदी खरं. ब्रिटिश अमलाखालचा भारतही त्या करारावर सही करणाऱ्यांत होता. पण तिकडची नियमित विमानं ओस्लो आणि ट्रॉम्सोहून सुटतात, आणि ती शहरं शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत. स्वालबार्ड मात्र शेंगेनबाहेर. तुम्ही ओस्लोत आलात की पहिला प्रवेश, स्वालबार्डला निघालात की शेंगेनमधून बाहेर, परत ओस्लोत उतरलात की दुसरा प्रवेश. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीची वाट बंद.

त्यामुळे अर्जात किमान दोन प्रवेश मागा आणि सोबतच्या पत्रात तारखा अशा ओळीने लिहा: अमुक दिवशी ओस्लोत प्रवेश, अमुक दिवशी स्वालबार्डकडे प्रयाण, अमुक दिवशी ओस्लोत पुनःप्रवेश, अमुक दिवशी भारताकडे. नॉर्वेच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज भरून मग व्हीएफएस (व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी कंपनी) केंद्रात कागद आणि बोटांचे ठसे द्यायचे. फी प्रौढांना ९० युरो, वर केंद्राचं शुल्क वेगळं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीची वेळच मिळत नाही, म्हणून जुलैसाठी मार्चमध्ये हालचाल करा. व्हिसा हातात पडला की तिथल्या तिथे ‘प्रवेशांची संख्या’ हा रकाना वाचा. ‘०१’ छापलेलं असेल तर लगेच दुरुस्ती मागा. विमानतळावर ती होत नाही. पॅरिस-स्वित्झर्लंडही जोडायचं असेल तर शेंगेनमधल्या सर्वाधिक रात्री नॉर्वेत ठेवा, म्हणजे अर्ज कुठल्या देशाकडे हा घोळ उरत नाही.

विम्यातही हीच मेख आहे. व्हिसासाठी ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं आणि स्वस्त पॉलिसीवर व्याप्ती ‘शेंगेन देश’ एवढीच लिहिलेली असते. स्वालबार्ड त्यात येत नाही. पॉलिसी संपूर्ण युरोपची किंवा जगभराची घ्या आणि विमा कंपनीकडून तीन गोष्टी ई-मेलवर लेखी मागवा: स्वालबार्ड समाविष्ट आहे, शोध-बचाव आणि विमानाने हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे, स्नोमोबाईल आणि हिमनदीवर चालणं ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेलं नाही. लाँगइयरब्येनचं रुग्णालय लहान आहे. गंभीर रुग्णाला ट्रॉम्सोला न्यावं लागतं, आणि ते अंतर साडेनऊशे किमी आहे.

विमान आणि सामान

ओस्लोहून थेट विमान सुमारे तीन तास घेतं. काही विमानं ट्रॉम्सोमार्गे जातात. तिथे सगळ्यांना उतरून पासपोर्ट तपासणीतून पुन्हा त्याच विमानात बसावं लागतं. लहान मूल झोपलेलं असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं.

मुंबई-ओस्लो आणि ओस्लो-लाँगइयरब्येन ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर ओस्लोत एक रात्र काढाच. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमची वाट पाहत नाही, आणि सामान मागे राहिलं तर ते लाँगइयरब्येनला पोहोचायला एक-दोन दिवस लागू शकतात. उबदार कपड्यांचा एक पूर्ण जोड, औषधं, दुर्बीण आणि कॅमेरा हातातल्या बॅगेत ठेवा. परतीलाही एक मोकळा दिवस हवा. धुकं किंवा आडवा वारा असेल तर विमान लाँगइयरब्येनवर घिरट्या घालून मागे वळतं. परतीच्या दुसऱ्या दिवशी पुण्यात लग्नाला हजर राहायचं असेल तर सहल पुढच्या वर्षी ठेवा.

विमानतळ गावापासून पाच किमीवर आहे. प्रत्येक विमानाला जोडून बस असते आणि ती अतिथिगृहाच्या दारात सोडते.

कपडे

थरांचा नियम सगळे सांगतात. आपली माणसं चुकतात ती सर्वांत आतल्या थरात. सुती बनियन किंवा टी-शर्ट घालून वर महागडं जॅकेट चढवलं की चढावर घाम येतो, सूत तो धरून ठेवतं, आणि थांबल्यावर दहा मिनिटांत पाठ गार पडते. अंगाला लागून मेरिनो लोकर (२०० ग्रॅमच्या आसपास) किंवा सिंथेटिक हवं. वर-खाली दोन जोड पुरतात. त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाणी रोखणारं जॅकेट आणि पँट. थांबल्यावर चढवायला पिसांचं हलकं जाकीट पिशवीत. जुलैत तापमान ४ ते ८ अंश असतं, पण उघड्या बोटीत वाऱ्यामुळे शून्याखाली वाटतं. आपल्या पावसाळी ट्रेकची पँट खाली लोकरीची लेगिंग घालून जुलैत चालून जाते.

हातमोजे दोन थरांचे: आतले पातळ, कॅमेऱ्याचं बटण दाबता येईल असे, बाहेरचे बोटं एकत्र ठेवणारे मिटन. लोकरी मोजे दोनाऐवजी एकच जाड जोड घाला. दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला की रक्त खेळत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. बूट म्हणूनच एक माप मोठे घ्या. उन्हाळ्यातली जमीन वरून ओली आणि खालून गोठलेली असते, त्यामुळे घोट्याच्या वर येणारे जलरोधक बूट लागतात.

एप्रिलच्या स्नोमोबाईलसाठी मुंबईत महागडा सूट विकत घेऊ नका. सूट, बूट, हेल्मेट, मिटन, कानटोपी हे सगळं सहलकंपनी देते. उणे १५ अंशांत ताशी ५० किमी वेगाने जाताना त्वचेला जाणवणारी थंडी उणे २९ च्या आसपास असते, त्यामुळे नाक आणि गाल उघडे राहता कामा नयेत. नथ, चमकी, कानातलं, धातूचं कडं काढून ठेवा. धातू थंडी थेट कातडीला पोचवतो. चष्मा असेल तर हेल्मेटमध्ये श्वासाने काच गोठते. शक्य असल्यास कॉन्टॅक्ट लेन्स. आणि गाडी कलंडू लागली तर पाय बाहेर टेकवून सावरायला जाऊ नका. आपल्याला दुचाकीची सवय असते, पाय आपोआप बाहेर जातो, आणि अडीचशे-तीनशे किलोची गाडी त्यावर पडते.

उन्हाळ्यात डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या. रात्री दोनला लख्ख ऊन असतं. गॉगल आणि सनस्क्रीन बर्फ व पाण्यावरच्या चकाकीसाठी.

खाणं

तुपातले लाडू, खवा, पेढे, दुधाची भुकटी घरीच राहू द्या. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. चिवडा, चिक्की, कोरड्या चटण्या, मेतकूट, दूध नसलेलं पोहे-उपम्याचं तयार मिश्रण चालतं. स्वयंपाकघराची सोय असलेलं अतिथिगृह घेतलं तर गावातल्या सुपरमार्केटमध्ये तांदूळ, डाळी, भाज्या, ब्रेड मिळतात. सगळं जहाजाने किंवा विमानाने येतं, म्हणून ताजी भाजी महाग आणि कधी संपलेली. शाकाहारी असाल तर बोटसहल राखतानाच तसं लिहून कळवा. बोटीवर एकच गरम जेवण असतं आणि ऐन वेळी सांगितलं तर नुसता भात आणि ब्रेड मिळतो.

जुलैचे सहा दिवस कसे वाटावेत

पहिल्या दिवशी दुपारी पोहोचून गावातलं स्वालबार्ड संग्रहालय बघा. बूट दारात काढायचे. कोळशाच्या खाणीच्या काळापासूनची ही रीत संग्रहालयात आणि बऱ्याच हॉटेलांत अजून पाळतात. आपल्याला यात काही नवल नाही, फक्त मोजे फाटके नसावेत. संध्याकाळी गावाच्या वरच्या टोकाला, नीब्येनकडे चाला. आखूड पायांचे रेनडिअर घरांच्या मधूनच चरत असतात.

दुसऱ्या दिवशी बोट. इतर सहली पुढे ढकलता येतात, पण बोट हवामानावर अवलंबून असते. ती सुरुवातीला ठेवली तर रद्द झाल्यावर पुढचे दिवस हाताशी राहतात. पिरामिडेनची फेरी आठ-दहा तासांची. १९९८ मध्ये बंद पडलेलं हे सोव्हिएत खाणगाव, जवळच नॉर्डेन्शिओल्ड हिमनदीची निळी भिंत आणि वाटेत पक्ष्यांचे कडे. उलटीचा त्रास असेल तर गोळी बोट सुटण्याआधी तासभर घ्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.

तिसऱ्या दिवशी गाईडबरोबर सार्कोफागेन डोंगर किंवा लाँगइयर हिमनदी. हिमनदीच्या कडेच्या दगडांत रुंद पानांचे ठसे सापडतात. झाड नसलेल्या बेटावर पाच-सहा कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलाचा हा पुरावा आहे. दगड उलटापालटा करून बघा, उचलून नेण्याआधी गाईडला विचारा.

चौथा दिवस कोरा ठेवा. त्यावर काही लिहू नका.

पाचव्या दिवशी बोरेबुक्ता किंवा पूलेपिन्टेनकडे वॉलरसची बोट. वॉलरस दिवसाचे तासन्‌तास नुसते लोळतात. बघणाऱ्याला ‘एवढंच?’ वाटतं, तेवढ्यात एखादा सुळे उचलून शेजाऱ्याला ढोसतो आणि सगळा ढीग कुरकुरत हलतो. ते डोकं वर काढून तुमच्याकडे बघू लागले की तुम्ही फार जवळ आलात असं समजा.

सहाव्या दिवशी सायकल भाड्याने घेऊन अ‍ॅडव्हेंटडालेनच्या रस्त्याने अस्वलाच्या पाटीपर्यंत. कुत्र्यांच्या आवाराशेजारी शेकडो आयडर बदकं घरटी करतात. कुत्र्यांच्या भुंकण्यामुळे कोल्हा फिरकत नाही, हे त्यांनी ओळखलं आहे. दुर्बिणीचा सगळ्यात स्वस्त आणि भरगच्च दिवस हाच. बाहेर पडायची वेळ रात्री दहा ते दोन ठेवा: सूर्य खाली आलेला, प्रकाश सोनेरी, रस्ता रिकामा.

या दिवशी भेटतोच तो आर्क्टिक टर्न, आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या सुरय पक्ष्यांचा भाऊबंद. रस्त्याच्या कडेच्या खडीतच तो अंडी घालतो. डोक्यावर येऊन कर्कश ओरडू लागला की घरटं जवळ आहे. पळू नका आणि पुढेही जाऊ नका, खाली बघून पाऊल टाकत आल्या वाटेने मागे व्हा. हात किंवा काठी डोक्याच्या वर उंच धरा. तो सर्वांत उंच टोकावर चोच मारतो. टोपी हवीच. चोच रक्त काढते.

काय करायचं नाही

फूल तोडायचं नाही. १९४६ पूर्वीची कुठलीही मानवी खूण, मग तो गंजका खिळा असो की शिकाऱ्याच्या झोपडीची फळी, संरक्षित वारसा आहे. हात लावायचा नाही. कोल्हा किंवा मेलेल्या प्राण्याला स्पर्श नको, इथे रेबीज आहे. ड्रोन घरी ठेवा. विमानतळापासून पाच किमीत बंदी असल्याने गावात तो उडवताच येत नाही आणि पक्षीकड्यांजवळही नियम कडक आहेत.

तंबूत राहण्याचा मोह असेल तर एवढंच लक्षात ठेवा: ऑगस्ट २०२० मध्ये विमानतळाजवळच्या तंबूतळावर अस्वलाच्या हल्ल्यात एकाचा जीव गेला. ती जागा गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

जहाजाने गेलात आणि ते नी-ऑलेसुंड या संशोधकांच्या वस्तीला थांबलं तर फोन उतरण्याआधीच फ्लाइट मोडवर टाका, ब्लूटूथही बंद. तिथल्या संवेदनशील अँटेनांमुळे वीस किमीच्या परिघात रेडिओशांतता पाळतात. याच गावात ‘हिमाद्री’ हे भारताचं संशोधन केंद्र २००८ पासून आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. आत जाता येत नाही, पण बाहेरून पाटीसोबत फोटो काढता येतो.

फोन आणि उपग्रह यंत्र

गावात मोबाईल उत्तम चालतो. डोंगर ओलांडला की बहुतेक ठिकाणी काही नाही. गाईडकडे उपग्रह फोन असतो, तुम्हाला स्वतःचं यंत्र लागत नाही. तरी हवं असेल तर लाँगइयरब्येनमध्ये भाड्याने घेऊन तिथेच परत करा. ओस्लोत स्वस्त मिळालं म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र विकत आणलं, तर भारतात ते परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. गोव्यासह आपल्या विमानतळांवर अशा यंत्रांपायी प्रवाशांना अटक झालेली आहे.

कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. थंडीत बॅटरी रिकामी दाखवते, पण बऱ्याचदा ती नुसती गारठलेली असते. खिशात गरम झाली की पुन्हा चालते. थंडीतून खोलीत येताना कॅमेरा बाहेरच झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून तोंड बंद करा आणि दोनेक तास उघडू नका. बाष्प मग पिशवीवर जमतं, लेन्सच्या आत नाही. मेमरी कार्ड मात्र पिशवीत घालण्याआधी काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडली जातेच.